चित्रातली एकोणीस मुलं

१

शाळेची बस क्रेनने कालव्यातून वर काढली तेव्हा आत एकच माणूस मेलेलं सापडलं, आणि तेही भलत्याच जागी.

मदतनीस बाईची जागा दाराशी असते. मुलं सगळी आपापल्या घरी उतरून गेली होती, बस रिकामी होऊन गॅरेजकडे निघाली होती. अशा वेळी बाईने दाराशी बसून पाय पसरावेत की नाही? ही शेवटच्या रांगेत, दोन बाकांच्या मधे अडकलेली. मुठीत एक निळी पाण्याची बाटली, लहान मुलांची, वर सशाचं चित्र असलेली. बोटं सोडवायला दोघं लागले.

ड्रायव्हर वाचला. पुढची काच फुटून तो काठावरच्या गवतात फेकला गेला होता. गळ्यापाशी हाड मोडलं, बाकी खरचटलं. डोक्याला मार नाही असं दवाखान्याच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. तो कागद मी नीट वाचला, कारण कागद नीट वाचायची माझी जुनी खोड आहे. मी अपघातांची चौकशी करतो. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. मला घाईचं उत्तर आवडत नाही आणि माझ्या वरिष्ठांना दुसरं कुठलं उत्तर आवडत नाही.

त्यांचं उत्तर तयार होतं. रस्ता सरळ जातो आणि कालव्यापाशी काटकोनात उजवीकडे वळतो. बस वळलीच नाही, कठडा तोडून पाण्यात गेली. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. ब्रेकची नळी तुटलेली होती. बसच्या मालकाने मिस्त्रीकडे बोट दाखवलं आणि त्याच संध्याकाळी मिस्त्री आत गेला. नळी आधी तुटली की आपटल्यावर, ते सांगता येत नाही असं तपासणी करणाऱ्यांनी लिहून दिलं आणि हात झटकले.

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. ड्रायव्हर सहासष्ट वर्षांचा होता, पण त्याच्या फायलीत स्मृतिसंशोधन संस्थेचा दाखला होता. डोळ्यांच्या हालचालींवरून मेंदूची तपासणी केली, वयाच्या मानाने उत्तम, असा. ड्रायव्हर ठणठणीत असेल तर ब्रेक गेले, आणि ब्रेक गेले तर मिस्त्री गेला.

२

मिस्त्रीला नऊ दिवस झाले होते आत. पन्नाशीचा, एकटा, नखांत अजून काळं तेल.

"नळी मी आदल्याच दिवशी बदलली," तो म्हणाला. "ब्रेक लागत होते."

"मग त्याने लावले का नाहीत?"

"ते मी कसं सांगू?"

मी त्याच्यापुढे बसच्या आतला फोटो ठेवला. ड्रायव्हरच्या सीटशेजारी इंजिनच्या झाकणावर एक बुटकं लाकडी स्टूल होतं, चारही पायांना तारेने आवळलेलं. पाण्यातून बाहेर आलं तरी जागचं हललं नव्हतं.

"हे कोणाचं काम?"

"माझंच. ताईंची पाठ दुखायची. दाराशी गचके फार बसतात, म्हणाल्या."

"आणि ड्रायव्हरच्या कानाशी बसलं की पाठ थांबते? इंजिनवर?"

मिस्त्रीने फोटो उलटा करून ठेवला. मग एकदम म्हणाला, "साहेब, मला जी व्हायची ती शिक्षा होऊ द्या. पण गेलेल्या बाईला यात ओढू नका."

मी ओढलं नव्हतं. मी फक्त स्टुलाचं विचारलं होतं. ज्याच्या मानेवर सुरी आहे तो माणूस दुसऱ्याची काळजी करतो तेव्हा मी वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढतो, आणि ते मी काढलं.

३

मदतनीस बाई ड्रायव्हरची धाकटी बहीण होती. नवरा लवकर गेल्यापासून भावाकडेच राहायची. भावाची बायकोही पुढे वारली. बाईची मुलगी परगावी नर्सिंग शिकत होती, ती आता मामाला सांभाळायला परत आली होती. दार तिनेच उघडलं.

ड्रायव्हर खुर्चीत बसला होता, हात झोळीत. मला बघून तो अदबीने उठायला गेला.

"बसा, बसा. छोटी येईलच एवढ्यात. पाचपर्यंत येते ती. मग चहा घेऊ."

भाचीने पाठ फिरवली. मला आत स्वयंपाकघरात नेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "आईला तो छोटी म्हणतो. दिवसातून पाच-सहा वेळा विचारतो. पहिले दोन दिवस मी खरं सांगितलं. दर वेळी नव्याने ऐकल्यासारखा रडायचा. आता सांगते, बाजारात गेलीय."

"हे कधीपासून?"

"अपघाताचा धक्का आहे. डॉक्टर म्हणाले."

"आधी नव्हतं?"

"मी सुट्टीत यायचे तेव्हा मामा गप्प गप्प असायचा. त्याला काही विचारलं की आईच उत्तर द्यायची." ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं असावं, पण तिला ते नको होतं. "काका, त्या मिस्त्रीला सोडू नका. माझी आई त्याने मारलीय."

माझे वडील शेवटची दोन वर्षं मला पोस्टमन समजत होते. रोज पत्र मागायचे. त्यामुळे धक्का कशाला म्हणतात आणि ही दुसरी गोष्ट कशी दिसते, हे मला दवाखान्याने सांगायची गरज नव्हती. बाहेर येऊन मी ड्रायव्हरला विचारलं, "शाळा सुटल्यावर पहिला थांबा कुठला?"

तो हसला. मला जराही आवडलं नाही असं हसला. "ते छोटीला विचारा."

तिथून मी शाळेत गेलो. त्या बसमधली मुलं बाईला एकदोनताई म्हणत. सात वर्षांची एक मुलगी सगळ्यांत बोलकी होती.

"त्या सारख्या आम्हाला मोजायच्या. एक, दोन, तीन. पुढून मोजायच्या, मग परत मागून. मग म्हणायच्या, पूर्ण आहेत, चला. तोपर्यंत काका बस सोडायचेच नाहीत. वरच्या आरशातून ताईंकडे बघत बसायचे."

"आणि बस सुटल्यावर?"

"मग डावं-उजवं! ताई स्टुलावर बसून सांगायच्या, आता डावं, आता उजवं, आणि काका तसं वळायचे. आम्ही पण ओरडायचो. गंमत असायची." मग तिने माझी बाही ओढली. "माझी बाटली बसमध्येच राहिली. निळी. सशाची. मिळेल?"

"बघतो," मी म्हणालो. चौकशीत मी बोललेलं हे पहिलं खोटं.

४

संस्थेच्या डॉक्टरबाई हुशार होत्या आणि ते त्यांना माहीत होतं. "माझी तपासणी चुकत नाही," त्यांनी दारातच सांगून टाकलं.

तपासणीची खोली म्हणजे एक मंद उजेडाची कोंदट जागा. समोर पडदा, पुढे हनुवटी टेकवायची पट्टी, कपाळाला पट्टा, खाली छोटा कॅमेरा. माणसाची बुबुळं कुठे वळतात ते कॅमेरा टिपतो. पहिल्या भागात एक मिनिट मधल्या ठिपक्याकडे टक लावून बघायचं. दुसऱ्यात ठिपका डावीकडे उमटला की उजवीकडे बघायचं, उजवीकडे उमटला की डावीकडे. मेंदू शिणू लागला की माणसाला हे उलट बघणं जमत नाही, डोळा ठिपक्याकडेच पळतो. शेवटी एक चित्र दाखवतात आणि सांगतात, नुसतं बघा.

"ड्रायव्हर इथे दोनदा आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वर्षापूर्वी निकाल शंकास्पद होता. मी त्याला डोळ्यांचे व्यायाम दिले. सहा महिन्यांपूर्वी निकाल उत्तम! माझ्या व्यायामांचं सगळ्यांत ठळक उदाहरण आहे तो. परिषदेत मी हेच दाखवलं."

ऑपरेटर म्हणून एक चाळिशीचा अबोल माणूस होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कारण दाखला खोटा ठरला तर पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडणार होती. मी त्याला पहिली नोंद लावायला सांगितली.

पडद्यावर मधला ठिपका होता आणि ड्रायव्हरची नजर म्हणून एक लाल टिंब. टिंब ठिपक्यावर बसलं. चार-पाच सेकंदांनी ते डावीकडे वर उडालं आणि परतलं. मग उजवीकडे. मग थेट वर, मधोमध. परत ठिपक्यावर. थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे, उजवीकडे, वर.

"बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नजर ठरत नाही. लक्ष भरकटतंय."

मी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही. मग मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

"बाई, तुम्ही गाडी चालवता?"

"माझ्याकडे ड्रायव्हर आहे."

"तरीच. अहो, हे आरसे आहेत. डावा आरसा, उजवा आरसा आणि वरचा आतला. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस तुम्ही खुर्चीत बसवलात, समोर काच ठेवलीत आणि सरळ बघ म्हणालात. तो सरळ बघत होता. जसं ड्रायव्हर बघतो तसं."

"आणि तो उलट बघायचा भाग?" मी विचारलं. ऑपरेटरने कागद चाळला. पहिल्या वेळी चाळीसपैकी अवघ्या चार चुका होत्या.

"म्हणजे वर्षापूर्वी हा माणूस धडधाकट होता," मी म्हणालो. "आजारी तुम्ही ठरवलात. आता दुसरी नोंद लावा."

दुसऱ्या नोंदीत लाल टिंब ठिपक्यावर बसलं आणि मिनिटभर जागचं हललं नाही. डावा आरसा नाही, उजवा नाही, वरचा नाही.

५

"व्यायामाचा परिणाम," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण आवाज बसला होता.

"चौतीस वर्षांची सवय सहा महिन्यांत निघते? मग तुमच्या व्यायामांनी माझी चहाची सवय घालवा." मी ऑपरेटरकडे वळलो. "खुर्चीत कोण बसलं होतं?"

"मी पाहिलं नाही, साहेब."

"खुर्ची समोर, तुम्ही समोर, आणि पाहिलं नाही?"

तो घाम पुसत म्हणाला, "मी काचेपलीकडे असतो, मधे पडदा ओढलेला. बोलतो ते स्पीकरवरून. माझा चेहरा दिसला तर माणसाला त्यावरून अंदाज येतो, बरोबर चाललंय की चूक, म्हणून डॉक्टरबाईंचा तसा नियम आहे. नावही मला कळू द्यायचं नाही. बाहेरच्या खिडकीवर ओळखपत्र बघतात आणि नंबराचं कार्ड देतात. मी नंबर पुकारतो. कार्डवाला आत येऊन बसतो."

"मधे वाट बघायची खोली?"

"हो. तिथे पेशंटबरोबर घरचं एक माणूस असतंच. तोही नियम आहे."

"डोळ्यांचा फोटो?"

"ठेवत नाही. फक्त नजर कुठून कुठे गेली तेवढं."

कोण काय आहे हे कळू नये म्हणून त्यांनी इतकी काळजी घेतली होती, की खरंच कोणालाच काही कळलं नव्हतं. खुर्चीत मालक बसला असेल, मिस्त्री बसला असेल, कोणीही धडधाकट माणूस बसला असेल. मिस्त्रीचा संशय मला स्वतःला आला. स्टूल बांधणारा माणूस हेही करू शकतो, आणि मग तो दुहेरी अडकणार होता.

"चित्र लावा," मी म्हणालो.

चित्रात एक मोठी बाग होती. कारंजं, फुगेवाला, बाकावर म्हातारं जोडपं, आकाशात पतंग आणि मधे खेळणारी मुलं. ऑपरेटर म्हणाला, सगळे आधी कारंज्याकडे बघतात, मग फुग्यांकडे. या नजरेने कारंज्याला विचारलंच नाही. टिंब डाव्या कोपऱ्यातल्या मुलाच्या डोक्यावर बसलं, तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. झाडामागे एक अर्धं डोकं दिसत होतं, तिथेही क्षणभर थांबून पुढे गेलं. उजव्या टोकाला पोचलं आणि तसंच एकेका डोक्यावरून उलटं परत आलं.

"किती ठिकाणी थांबली?" मी विचारलं.

ऑपरेटरने मोजलं. "एकोणीस जाताना. एकोणीस येताना. चित्रात मुलंही एकोणीसच आहेत." तो गोंधळला होता. "पण मोजायला कोणी सांगितलंच नव्हतं, साहेब."

६

सांगायची गरजच नव्हती. पुढून एकदा, मागून एकदा, लपलेलंही सोडायचं नाही.

मी तिथल्याच खुर्चीत बसलो आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. कोणालातरी सांगणं भाग होतं, आणि त्यांनी ऐकलं पाहिजे असंही मला वाटत होतं. रागच आला होता मला.

"वर्षापूर्वी तुम्ही शंकास्पद असा शेरा मारलात. बहिणीने धसका घेतला. पुढच्या सहा महिन्यांत तो खरोखरच विसरू लागला. दुसऱ्या तपासणीला ती घरचं माणूस म्हणून त्याच्याबरोबर आली. खिडकीवर त्याने ओळखपत्र दाखवलं, वाट बघायच्या खोलीत कार्ड तिच्या हातात गेलं, आणि खुर्चीत ती बसली. एकदा चांगल्या माणसाला वाईट शेरा दिलात, आणि दुसऱ्यांदा वाईटाला चांगला. मधली सुधारणा तुमच्या व्यायामांची नव्हती, पण तुम्हाला ती इतकी हवी होती की कोणी तपासली नाही."

डॉक्टरबाई खाली बसल्या. "तिला कळत नव्हतं? मुलं असतात बसमध्ये."

"कळत होतं, म्हणूनच ते स्टूल. हात त्याचे चालत होते, रस्ता तिने स्वतःकडे घेतला. डावं, उजवं. मुलांना खेळ वाटला. बस हातातून काढून घेतली असती तर घरी बसून तो कसा झाला असता, ते तिला आधीच दिसलं असणार. चूकच होती ती. भयंकर चूक. पण सहा महिने तिने एकही वळण चुकू दिलं नाही."

"मग त्या दिवशी?"

"शेवटचं मूल उतरलं की मदतनिसाने मागपर्यंत जाऊन बाकं तपासायची, कोणी झोपून राहिलंय का ते बघायचं, असा नियम आहे. सरळ रस्त्यावर ती तेवढं उरकून येत असेल. त्या दिवशी बाकाखाली एक बाटली दिसली. ती काढायला ओणवी झाली. वळण आलं, आणि स्टुलावर कोणी नव्हतं."

ब्रेकचा प्रश्नच नव्हता. ज्याला पुढे वळण आहे हे माहीत नाही तो ब्रेक कशाला लावेल?

मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो नखांतलं काळं खरवडू लागला. "त्याला रस्ता दुसऱ्याने सांगावा लागतो, एवढं मला कळलं होतं," तो म्हणाला. "ती म्हणाली, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. मी तारा आवळल्या. तपासणीचं ठाऊक नव्हतं." मग बोटांकडे बघत म्हणाला, "तिच्यावर नाही येणार ना काही?"

"येणार," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

७

एक पुरावा बाकी होता. ड्रायव्हरला पुन्हा खुर्चीत बसवून त्याचे डोळे आरसे शोधतात का हे बघायचं होतं. त्याशिवाय मिस्त्री सुटणार नव्हता.

भाची मामाला घेऊन आली. तिला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ती ओरडली, मला घराबाहेर काढलं, आणि सकाळी फोन करून किती वाजता यायचं ते विचारलं. रात्रीत दहा वर्षांनी मोठी झाली होती पोर.

या वेळी ऑपरेटरच्या काचेवरचा पडदा बाजूला सारला होता. ड्रायव्हरने हनुवटी टेकवली. उलट बघायच्या भागात त्याने चाळीसपैकी एकतीस वेळा चूक केली. दर वेळी नजर ठिपक्यामागे धावत गेली. डॉक्टरबाईंनी मान खाली घालून आकडा लिहिला. मग टक लावायचा भाग सुरू झाला, तो मी मुद्दाम मागे ठेवायला सांगितला होता. डावा आरसा, उजवा आरसा, वर. डावा, उजवा, वर. रस्ता, थांबे, बहिणीचं मरण, सगळं पुसून गेलं होतं आणि हे तेवढं राहिलं होतं. मिस्त्री सुटला. त्या क्षणी मला कसलाच आनंद झाला नाही.

शेवटी चित्र लागलं. कारंजं, फुगे, पतंग, मुलं. लाल टिंब क्षणभर मुलांवर फिरलं आणि वर गेलं, पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, मधोमध. तिथे चित्रात काहीच नव्हतं. टिंब तिथेच थांबलं.

"वर काय बघताहेत?" डॉक्टरबाई पुटपुटल्या.

ऑपरेटरने चित्र बंद केलं. "झालं, काका. उठा आता," तो स्पीकरवरून म्हणाला.

ड्रायव्हर उठला नाही. चांगला हात समोर हवेत धरलेला, जसा चाकावर धरतात. पडदा काळा झाला तरी नजर वरच होती. "काका, संपलं," ऑपरेटर पुन्हा म्हणाला. मी जाऊन खांद्याला हात लावला तर त्याने मानेनेच मला थांब म्हणून सांगितलं. तो कामावर होता. मधे बोलायचं नसतं.

भाची भिंतीला टेकून उभी होती. मामाची नजर कुठे लागलीय ते तिने वर बघून घेतलं. मग त्याच्या मागे, चार पावलांवर जाऊन उभी राहिली, बसच्या मागच्या भागात उभं राहावं तशी. ओठ हलत होते. मोजत होती का, मला माहीत नाही.

"पूर्ण आहेत, दादा," ती आईच्या शब्दांत म्हणाली. "चला."

ड्रायव्हरने मान हलवली, हनुवटी पट्टीवरून उचलली आणि उठला.